कालनिर्णयवरची साखर: आईच्या ९२ दिवसांच्या आकड्यांचं प्रकरण

आई चिपळूणला, मी पुण्यात, ताई मँचेस्टरला. आईचं वय ६६, डायबेटीस ११ वर्षं जुना, गोळ्या दोन, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. इन्सुलिन नाही. हे सगळं आधी सांगतोय कारण पुढे ग्लिमेपिराइडचं काम आहे.

तर झालं असं की ४ सप्टेंबर २०२४ ला आईचा एचबीएवनसी आला ८.१. मार्चमध्ये ७.३ होता. आणि मी मात्र जून, जुलै, ऑगस्ट तीन महिने छाती फुगवून सगळ्यांना सांगत होतो की आईची शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे, माझ्याकडे शीट आहे, रोजचा आकडा आहे, उपाशीपोटी सरासरी १३८! डॉक्टरांनी फोनवर शांतपणे विचारलं, १३८ कुठल्या वेळची? म्हटलं सकाळची, चहाच्या आधीची. ते म्हणाले, "मग उरलेल्या दिवसभराचं काय?" आणि फोन ठेवला, पेशंट असतील बाहेर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय त्याचं प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो, त्यातही शेवटच्या महिन्याचं वजन निम्म्याच्या आसपास असतं. याचं दिवसभराच्या सरासरी शुगरमध्ये रूपांतर करायचं सूत्र आहे, २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ८.१ चं उत्तर येतं १८६. माझ्या शीटमध्ये १३८. अठ्ठेचाळीसचा फरक. मी अकाउंट्समधला माणूस, ताळेबंदात अठ्ठेचाळीस रुपयांचा फरक आला तरी झोप लागत नाही.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही तपासायला सांगितलं कारण लोह कमी असलं तर एवनसी खोटा वर जाऊ शकतो. ते १२.४ निघालं, ठीक. म्हणजे रिपोर्टवर ढकलायची सोय संपली.

आता हे आकडे यायचे कसे ते सांगतो. आईकडे ग्लुकोमीटर आहे. सकाळी टोचायचं आणि स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं, दुधाच्या हिशोबाखाली. म्हणजे एका चौकोनात "१॥ लि., १४२" असं. आमच्याकडे दूध, गॅस सिलेंडर लावल्याची तारीख, मोलकरणीचे खाडे, सगळं त्या चौकोनात असतं, मग शुगर तरी कुठे जाणार. रविवारी मी फोन करायचो, आई चष्मा लावून आठवड्याचे आकडे वाचायची, मी शीटमध्ये भरायचो. ९२ दिवसांत ७१ नोंदी. १६० च्या वरचा आकडा आपोआप लाल व्हायचा, ग्राफ वगैरे पण केला होता, गुलाबी रंगाचा.

त्याआधी मी अ‍ॅप लावून पाहिलं होतं, ते सांगायला पाहिजे. एक फुकटचं अ‍ॅप, पहिल्याच दिवशी फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट मागायला लागलं. आईची शुगर लिहायला अ‍ॅपला माझ्या गॅसवाल्याचा नंबर कशाला पाहिजे? काढून टाकलं. मग ताईने पाठवलेला मनगटाचा बँड. त्यात आईच्या दिवसाला साडेनऊ हजार स्टेप्स यायच्या आणि मी खूश. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कळलं की विळीवर बसून चार नारळ खोवले तरी बँड चालल्यासारखं मोजतोय, हात हलतो ना लयीत. बाकी त्या दहा हजार स्टेप्सच्या मागेही काही थोर संशोधन नव्हतं, १९६५ मध्ये जपानमध्ये एक स्टेप मोजायचं यंत्र विकायला आलं त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो आकडा जगभर चिकटला. असो. बँड आता आईच्या कपाटात आहे, लॉकेटच्या डबीशेजारी.

आणि फॅमिली ग्रुपवर मी एकदा आईचे आकडे टाकायची चूक केली. दोन तासांत कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पावडर, आणि एका काकांकडून "गोळ्या बंद करा, सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे" हे सगळं आलं. परत नाही टाकले.

तर ८.१ आल्यावर मी पहिल्यांदा काय केलं, तर शीटमध्येच उत्तर शोधत बसलो. लाल झालेल्या तारखा कशाशी जुळतात? वार लावून पाहिले, जुळेनात. मग वाटलं पावसामुळे चालणं बंद होत असेल म्हणून चिपळूणचा पाऊस मिलिमीटरमध्ये शेजारच्या कॉलममध्ये टाकला (हसू नका), काही नाही. जुलैमध्ये तर नऊ दिवस आकडे ८.२, ७.९, ९.१ असे होते, ते मी टायपिंगची चूक समजून चक्क खोडून टाकले होते. आईला विचारलंही नव्हतं. शीटमध्ये लाल ठिपके इकडे तिकडे पडलेले, गोवर आल्यासारखे, आणि मला काही अर्थ लागेना.

५ सप्टेंबरला गणपतीसाठी निघालो. कुंभार्ली घाटातून गाडी उतरताना डोक्यात तेच. घरी पोचलो, पाणी प्यायलो आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेऊन बसलो. आई म्हणाली, "अरे आधी जेवून घे, कॅलेंडर कुठे पळत नाही."

ऑगस्टचं पान उघडलं आणि दोन मिनिटांत मला स्वतःचीच लाज वाटली. जे मी पावसात शोधत होतो ते त्या पानावर छापलेलंच होतं. एकादशी. संकष्टी. श्रावणी सोमवार. आई फोनवर मला फक्त आकडा वाचून दाखवायची आणि मी फक्त आकडा भरायचो, त्या चौकोनात जे आधीपासून छापलंय ते दोघांनीही सोडलं. म्हणजे शीटमध्ये यायच्या आधी तो आकडा तिथीसकट होता आणि मी तिथी सोलून फेकून दिली. १५ जुलै ते ३१ ऑगस्ट या ४८ दिवसांत आईचे उपवास मोजले: १७ जुलैच्या आषाढीपासून चार एकादश्या, दोन संकष्ट्या, ऑगस्टमधले चार श्रावणी सोमवार (त्यातल्या एकावर जन्माष्टमीही आली), एकूण दहा.

उपवास म्हणजे आमच्याकडे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. दुपारी साबुदाण्याची खिचडी, बटाटा घालून. संध्याकाळी वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी. संकष्टी असेल तर चंद्रोदय होईपर्यंत थांबायचं, म्हणजे रात्री साडेनऊ-दहाला वरणभात नि मोदक, आणि मग लगेच झोपायचं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन नावाला. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा वर जाणारच.

पण थांबा, इथे मला वाटलं झालं, सापडलं. दहा दिवसांच्या खिचडीने अख्खा एवनसी पावणेदोन महिन्यांत असा चढतो का? नाही पटत. दहा दिवस म्हणजे ४८ मधले दहा. शिवाय शीटमध्ये त्या दहापैकी फक्त पाचच वेळा दुसऱ्या दिवशीचा आकडा लाल होता. आईला विचारलं तर म्हणे मशीन कधी कधी चुकीचं दाखवतं.

म्हणून मशीन घेतलं. मीटरमध्ये मेमरी असते, मागचे पाचशे वगैरे आकडे वेळेसकट राहतात. उघडलं तर सगळ्या तारखा भलत्याच, मे महिन्यात सेल बदलला तेव्हा घड्याळ परत जानेवारीवर गेलेलं आणि कुणी लावलंच नाही. मग तिथल्या तिथे एक रीडिंग घेतलं, मशीनची तारीख आणि खरी तारीख यातला फरक काढला आणि सगळे आकडे तेवढे पुढे सरकवले. जेवण गार झालं, आई दोनदा चिडली.

कॅलेंडरवर या मशीनच्या नोंदी होत्या ६२. बाकीचे नऊ दिवस, ते ८.२ नि ७.९ वाले, ताई जुलैत आली होती तेव्हा तिने आणलेल्या दुसऱ्या मशीनचे निघाले. इंग्लंडमध्ये शुगर वेगळ्या एककात मोजतात, १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, ८.२ म्हणजे १४८. मी खोडलेले नऊच्या नऊ आकडे बरोबर होते! ते परत भरले.

मशीनच्या मेमरीत मात्र आकडे होते ८१. बासष्टच्या जागी एक्क्याऐंशी. एकोणीस जास्तीचे. बघितलं तर चौदा दिवस असे, उदाहरणार्थ एका दिवशी सकाळी १९६, चार मिनिटांनी १८८, अजून सहा मिनिटांनी १५४, आणि कालनिर्णयवर लिहिलंय १५४. आकडा आवडला नाही की हात धुवून परत टोचायचं, आणि त्यातला बरा दिसेल तो लिहायचा. चौदापैकी सात दिवस उपवासाच्या दुसऱ्या दिवशीचे. प्रत्येक दिवसाचा पहिला आकडा धरून सरासरी काढली तर १३८ ची झाली १४६, आणि उपवासाच्या दुसऱ्या दिवशी १६० च्या वर जाणारे पाचाचे झाले आठ.

इथे एक न्याय आईला द्यायला पाहिजे. परत टोचण्यात अगदीच काही तथ्य नसतं असं नाही. घरगुती मशीनला नियमानेच १०० च्या वर १५ टक्के इकडे तिकडे व्हायची मुभा आहे, म्हणजे खरी १७० असेल तर १४५ ते १९५ काहीही दिसलं तरी मशीन पास. केळं सोलल्यावर हात न धुता टोचलं तर बोटावरच्या साखरेने आकडा भलताच वर उडू शकतो, आम्ही करूनही पाहिलं, २३१ आला, हात धुवून १४९. आणि चिपळूणच्या पावसाळ्यात स्ट्रिपांची (मशीनमध्ये घालायच्या, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची) डबी ओट्यावर उघडी, जिथे मीठाला पाणी सुटतं तिथे स्ट्रिपांचं काय होणार. तेव्हा परत टोचण्याला हरकत नाही, पण मग दोन्ही लिही की. फक्त कमी आलेलाच खरा कसा?

हे पेशंट लोक करतात हे काही नवीन नाही म्हणे. १९८४ मध्येच अमेरिकेत कुणीतरी पेशंटना न सांगता मेमरी असलेली मीटरं देऊन पाहिली होती, वहीतले आकडे आणि मशीनमधले आकडे बऱ्याच जणांचे जुळले नाहीत. हे वाचून मला बरं वाटलं, आईला नाही वाटलं.

मी विचारलं, आरडाओरडा न करता, निदान सुरुवातीला तरी. आई भांडी आवरत म्हणाली, "तू रविवारी विचारतोस. एकशे नव्वद सांगितलं की तुझा आवाज बदलतो. मग तू अर्धा तास बोलतोस." यावर मी काय बोलणार. तीन महिने मी डेटा गोळा करत होतो, आणि ती दर रविवारी तोंडी परीक्षा देत होती.

एकोणीसपैकी अठरा हे असे परत टोचलेले. एकोणिसावा वेगळा होता. १२ ऑगस्ट, श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळी ११:४० ला ६१.

सत्तरच्या खाली म्हणजे शुगर लो. कॅलेंडरवर त्याचा पत्ता नाही, मला माहीत नाही, ताईला नाही. आईला विचारलं तर म्हणे हो रे, त्या दिवशी घाम फुटला, हात थरथरले, म्हणून टोचून बघितलं, मग दोन दाण्याचे लाडू खाल्ले नि पडून राहिले, तासाभराने बरं वाटलं. उपवासाच्या दिवशी आई सकाळी आठला बिनसाखरेचा चहा आणि गोळ्या घेऊन टाकायची, गोळी चुकवायची नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं ना, आणि खिचडी व्हायची दीडला. ग्लिमेपिराइड ही गोळी पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून ती न्याहारीबरोबर घ्यायची असते. मेटफॉर्मिन एकटी असती तर असं सहसा होत नाही. साडेपाच तास रिकाम्या पोटावर ती गोळी. आणि लो झाल्यावर दाण्याचा लाडू! त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात जायला उशीर लागतो, तिथे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत टोचून बघायचं. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. अकरा वर्षं.

म्हणजे ८.१ च्या मागे लागलो होतो, शुगर जास्त का जास्त का करत, आणि सापडलं काय तर ६१. घरात त्या वेळी आई एकटी होती.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो, मशीन, कालनिर्णय आणि लॅपटॉप घेऊन. डॉक्टरांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही. कालनिर्णयची पानं उलटली, ६१ ऐकल्यावर पेन खाली ठेवलं, आणि उपवासाच्या दिवसासाठी गोळ्यांचा वेगळा कागद लिहून दिला. तो काय ते इथे देत नाही, तो आईचा आहे, प्रत्येकाचा वेगळा असणार, आपापल्या डॉक्टरांना विचारा. आणि सांगितलं की दोन आठवडे सकाळची शुगर रोज नको, त्याऐवजी दर दिवशी एकच जेवण पकडा, जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा.

या दोन आठवड्यांतून जे निघालं ते तीन महिन्यांच्या शीटमधून निघालं नव्हतं, स्ट्रिपा गेल्या अठ्ठावीस. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक: १३४ वरून १७१. पोहे आणि साखरेचा चहा: १४१ वरून २१४. भात जास्त, पोळी कमी असलेलं रात्रीचं जेवण: १५२ वरून २२६. साबुदाण्याची खिचडी, एकादशीची: १३९ वरून २६८. हे आकडे आमच्या आईचे, तुमच्या आईचे वेगळे येतील, एकेकदाच मोजलेत, शास्त्र वगैरे नाही हे. पण अठ्ठेचाळीसचा फरक कुठे लपला होता ते दिसलं. उपवास हा त्यातला छोटा हिस्सा होता, मोठा हिस्सा रोजचे पोहे आणि रात्रीचा भात. सकाळी उपाशीपोटी मोजायचं म्हणजे बँक बॅलन्स फक्त पगाराच्या दिवशी बघण्यासारखं चाललं होतं.

उपवास सोड असं मी एकदा म्हणून पाहिलं. परत म्हणणार नाही. वाटाघाटी मात्र झाल्या. खिचडीच्या जागी राजगिऱ्याचं थालीपीठ नि दही (१८७ आलं, आईने स्वतःहून मोजलं), एकादशीला सकाळी नऊच्या आत काहीतरी पोटात. खरी लढाई नवरात्राची होती, ३ ऑक्टोबरला घट बसणार होते आणि आईचे नऊ दिवस चाळीस वर्षांचे. शेवटी उठता-बसता ठरलं, पहिला नि शेवटचा. हे मी नाही पटवलं, शेजारच्या काकूंनी पटवलं, त्यांनाही डायबेटीस आहे आणि त्यांनी तीन वर्षांपूर्वीच तसं केलं होतं. माझा गुलाबी ग्राफ आईने शेवटपर्यंत बघितला नाही.

शीट आता आहे पण बदललीय. पाच कॉलम: तारीख, वेळ, आकडा, दुसरा आकडा (परत टोचलं असेल तर), आणि शेरा. लाल रंग काढून टाकला, आकडा कितीही असला तरी पांढराच. शेऱ्यात काहीही चालतं, "झोप नाही", "लग्नात जेवले", "गुडघा दुखतोय, चालले नाही", "सर्दीचं औषध". तिथीचा कॉलम वेगळा केला नाही कारण आई आता फोनवर आकड्याच्या आधी तिथीच सांगते. मशीनचं घड्याळ दर महिन्याच्या एक तारखेला दूधवाल्याचे पैसे देताना तपासायचं ठरलंय. स्ट्रिपांची डबी ओट्यावरून कपाटात, झाकण घट्ट, आणि उघडल्याची तारीख पेनाने झाकणावर. रविवारच्या फोनवर मी आकड्यावर काही बोलायचं नाही ही आईची अट. कठीण आहे पण पाळतो, बहुतेक वेळा.

डिसेंबरमधला एवनसी ७.४. मार्चच्या ७.३ पेक्षा जरासा जास्तच, म्हणजे फार काही तीर मारलेला नाही. डॉक्टर म्हणाले चालेल, आणि या तीन महिन्यांत मेमरीत सत्तरच्या खाली एकही आकडा नाही हे त्यांना जास्त आवडलं.

१७ जानेवारी २०२५ ला संकष्टी होती. दुसऱ्या दिवशी शनिवार, फोनचा वार नव्हता, तरी सकाळी साडेसातला आईचाच फोन. "लिहून घे. दोनशे नऊ. परत टोचलं, दोनशे चार. दोन्ही लिही." मी गप्प. अट आठवत होती. पलीकडून दोन सेकंद थांबून, "आणि शेऱ्यात लिही, मोदक तीन. चंद्र उशिरा आला रे, भूक लागली होती."